चिठ्ठी नसलेलं सामान

४ मार्च

ठरलं. घर विकायचं. वर्षभर मी 'नाही' म्हणत होते आणि आज सकाळी चहा पिता पिता मीच 'बरं' म्हणून बसले. अक्काच्या गुडघ्यांपुढे माझं काही चाललं नाही. काल ती जिना उतरताना मध्येच टेकली आणि मला म्हणाली, "बेबी, मी आता इथेच राहते. माझं ताट जिन्यावरच आणून देत जा." हसत हसत म्हणाली, पण डोळे भरले होते. साठी उलटल्यावरही मला बेबी म्हणणारं एकच माणूस उरलं आहे आणि ते असं जिन्यात अडकून बसलेलं मला बघवत नाही.

माझी अट एकच. जायचं तर दोघींनी जायचं. तळमजल्यावरचा फ्लॅट, दोघींच्या दोन खोल्या, पायरी एकही नाही. अक्का म्हणाली, "अगं, तुला सोडून मी कुठे जाणार?"

भाचीला हे घर हवं होतं, ते मला ठाऊक आहे. मागच्या वर्षी तिनं विचारलं होतं, "मावशी, आम्ही इथेच राहायला आलो तर?" मी आडपडदा न ठेवता सांगितलं, पाहुणे म्हणून कधीही या, कायमचं नको. जावई टीव्ही कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं लावतो, भाचीला घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही आणि त्यांची चिमणी भिंतीवर रेघोट्या ओढते. बाबांनी घर आम्हा दोघी बहिणींच्या नावावर केलं ते शांतपणे राहण्यासाठी. अक्का त्या दिवशी काही बोलली नव्हती. तिलाही पटलं असणार, पण स्वतःच्या लेकीला तोंडावर कसं सांगणार.

खालची खोली अक्काला द्यायची, असंही मध्ये एकदा मनात आलं होतं. पण तिथे माझी पुस्तकं आहेत, बाबांची खुर्ची आहे आणि अक्काला उजेड लागतो. खाली तिला कोंदट वाटलं असतं. मी तसं म्हटलं तेव्हा ती 'हो, वाटलं असतं' म्हणाली.

९ मार्च

दलाल येऊन गेला. घरभर फिरला, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि चेहरा असा केला की जणू घराला ताप आहे. म्हणाला, आहे तसं दाखवलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. हल्ली भाड्यानं सामान आणून घर सजवतात, मग दाखवतात. आपलं सामान तेवढे दिवस गोदामात.

मी म्हटलं, "म्हणजे लग्नात दागिने भाड्यानं आणतात तसं."

"तसंच," तो म्हणाला. "नवरी खरी असली म्हणजे झालं."

माणूस बरा आहे. सजावटवाली भाचीनं लगेच शोधून काढली. या पोरीनं इतका उत्साह कशात दाखवलेला मी पाहिला नव्हता. घर विकलं जातंय म्हणून तिला वाईट वाटेल, ती रुसेल, असं वाटलं होतं. उलट मोजपट्टी धरायला सगळ्यात पुढे तीच. मी तिच्याबद्दल उगाच मनात अढी धरली होती.

१२ मार्च

सजावटवाली पस्तिशीची असेल. गळ्यात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल. मोकळं बोलते. भिंतीवरचे फोटो बघून म्हणाली, "काकू, या घरात जिकडे बघावं तिकडे तुम्हीच दिसता. गिऱ्हाइकाला इथे तो स्वतः दिसायला हवा."

मला राग आला आणि पटलंही. फोटो उतरवले. भिंतीवर फिकट चौकोन राहिले, तेही तिनं उद्या रंगवून घ्यायचे ठरवले आहेत.

सामान बांधायचं काम मी कोणाला करू दिलं नाही. तीस वर्षं तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. आमच्याकडे चिठ्ठी नसलेली बाटली आली तर आम्ही ती उघडतही नव्हतो, मग ती कोणाचीही असो. खोक्यांवर तीन प्रकारच्या चिठ्ठ्या केल्या: 'बेबी', 'अक्का' आणि 'दोघींचं'. लावता लावता लक्षात आलं की पहिल्या दोन चिठ्ठ्यांचे गठ्ठे तसेच राहिले आणि 'दोघींचं' पुन्हा लिहायला बसावं लागलं. आईची भांडी दोघींची. रेडिओ दोघींचा. शिवणयंत्र दोघींचं, जरी ते चालवता फक्त तिला येतं. बाबांच्या खुर्चीपाशी थोडी थांबले. बसते मी, पण बाबा दोघींचे.

अक्का पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, "इतक्या चिठ्ठ्या कशाला गं? एकाच घरात तर जायचंय."

मी म्हटलं, "गोदामवाल्याला काय माहीत?"

१६ मार्च

सामान आलं. घर ओळखू येत नाही. फिक्या रंगाचा सोफा, त्यावर बसायचं नाही असं वाटायला लावणाऱ्या उशा, आणि जेवणाच्या टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं. मी एक धुवायला घेतलं तर ते प्लास्टिकचं. कपाटातली पुस्तकंही नुसती पाठ असलेली, आत कोरे पुठ्ठे. हाताला चाळा म्हणून एक काढायला गेले तर पाच एकदम बाहेर आली, एकमेकांना चिकटवलेली.

एक गोष्ट आवडली. सजावटवालीच्या प्रत्येक वस्तूच्या खाली हिरवी चिठ्ठी असते, आकडा घातलेली. परत नेताना उलटून बघायची, चिठ्ठी असली की उचलायची. बाईला कामाची शिस्त आहे.

आम्ही दोघी आपल्याच घरात पाहुण्यांसारख्या वावरतो आहोत. अक्का मात्र खुशीत दिसली. सोफ्यावर हात फिरवत होती.

१८ मार्च

आज सगळ्या वस्तू उलटून पाहिल्या. करायला दुसरं काय आहे? सोफा, दिवे, आरसा, गालिचा, सगळ्यांना हिरव्या चिठ्ठ्या. खालच्या खोलीतल्या पलंगाला नाही. तिथल्या पडद्यांना नाही. वरच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या लहान मुलाच्या टेबलाला नाही, आणि त्या छोट्या कपाटालाही नाही.

सजावटवालीला फोन केला. एवढी बोलकी बाई, पण अडखळली. "ते… ते आमच्या गोदामातून नाही आलेलं, काकू. तुमच्या भाचीताईंना विचारा ना."

भाचीला विचारलं. म्हणाली, "दुसऱ्या ठिकाणाहून मागवलंय मावशी, राहिल्या असतील चिठ्ठ्या लावायच्या."

हा असला गलथानपणा मला सहन होत नाही. कोणीतरी एक दिवस पडदे आमचे समजून ठेवून घेईल आणि भुर्दंड आम्हाला. पांढऱ्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं 'भाड्याचं, परत करणे' आणि पलंगाखाली, टेबलाखाली, कपाटाच्या मागे चिकटवल्या. पडद्यांच्या दुमडीत टाचणीनं टोचल्या. अक्का दारात उभी होती.

"राहू दे ना बेबी," ती म्हणाली.

"काम नीट झालेलं काय वाईट?"

ती दारातून वळली. गुडघे दुखत असणार, लगेच जाऊन पडली.

२२ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. आम्ही घरी असायचं नाही असा नियम आहे. अक्काला लांब चालवत नाही म्हणून ती भाचीसोबत घरी थांबते, मी बागेत जाऊन बसते. घरचा माणूस समोर असला की गिऱ्हाईक मोकळं बोलत नाही म्हणे. अक्का समोर असली तर चालतं, मी असले तर नाही. दलाल म्हणाला, "तुम्ही चेहऱ्यानंच 'नाही' म्हणता, मावशी." भाचीचं ऐकून तोही मला मावशी म्हणायला लागला आहे. मला हसू आलं. खरंच म्हणत असेन.

परत आले तर मोरीत चहाचे कप. गिऱ्हाइकाला चहा दिला होता म्हणे. एका कपात अर्धा चहा तसाच. आमच्या भाचीसारखीच खोड दिसते. अन्न टाकणारी माणसं आपल्या घरात येणार, या विचारानं जरा खट्टू झाले.

२५ मार्च

न्हाणीघरात भिंतीला लोखंडी दांडा बसवला आहे. धरून उठायला. खालच्या खोलीला लागून जे न्हाणीघर आहे, त्यात. हलवून पाहिला, पक्का. भिंतीत भोकं पाडून स्क्रू मारले आहेत.

भाड्याचं सामान कोणी भिंतीत ठोकतं का? अक्काला विचारलं. म्हणाली, "गिऱ्हाइकांच्या घरी कोणी म्हातारं माणूस असलं तर? म्हणून करून घेतात आजकाल."

बरोबर आहे. सजावटवालीचं डोकं चालतं. दांड्याला चिठ्ठी लावायला जागा नव्हती.

२८ मार्च

नोंदणी कचेरीत जाऊन आलो. माझ्या वतीनं विक्री करायचे अधिकार अक्काला दिले, म्हणजे उठसूट दोघींनी खेपा घालायला नकोत. तिला गाडीनं न्यायला जावई आहे, मला त्याच्या गाडीत मळमळतं. कारकून म्हणाला, "बाई, वाचून घ्या." मी म्हटलं, "माझ्या बहिणीनं वाचलंय." आणि केली सही. अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तिचा हात धरून बाहेर आणलं तर गार पडला होता.

४ एप्रिल

घर गेलं. अक्कानं संध्याकाळी सांगितलं. मी तिच्यासमोर हसले.

"कोण लोक आहेत?"

ती भाजी निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. "चांगले आहेत. नवरा-बायको, एक मुलगी. बायकोची आई पण राहणार आहे त्यांच्याजवळ."

"आईचं वय?"

"माझ्याएवढीच. गुडघे दुखतात तिचे."

मला त्या बाईची फार दया आली. म्हटलं, "अगं, मग तिला खालची खोली द्या म्हणावं. न्हाणीघर लागून आहे, जिना नको. एवढं तरी करा म्हणावं म्हाताऱ्या बाईसाठी. सांगशील ना त्यांना? माझं नाव सांग हवं तर."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. हातातली भाजी खाली सांडली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग "सांगते" म्हणाली आणि आत गेली. आत रडत होती, मला ऐकू आलं. चाळीस वर्षांचं घर आहे, रडू येणारच. मीही थोडी रडले, स्वयंपाकघरात, नळ सोडून.

१४ एप्रिल

दलालानं शोधून दिलेल्या तळमजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. अक्का म्हणाली, "तू पुढे हो, तुझ्या हातचं सगळं नीट लागेल. मी लेकीकडे थोडे दिवस राहून, डॉक्टरला दाखवून येते." खरंय, सामान लावताना ती मध्येमध्ये आली असती तर मीच चिडले असते.

पुढची खोली तिची ठरवली. उजेड भरपूर आहे. पलंग खिडकीशी लावला, उशाशी दिवा, पाय टेकायला पाट. स्वयंपाकघरात खालचा कप्पा तिचा केला, म्हणजे हात वर करावे लागणार नाहीत. कप्प्यावर 'अक्का' अशी चिठ्ठी लावली. 'दोघींचं' लिहिलेली खोकी ती आल्यावरच मागवायची.

२१ एप्रिल

फोन केला. "येते गं, डॉक्टरनं अजून जिना चढू नको म्हटलंय." मी म्हटलं, "इथे जिना नाहीच, अक्का." ती म्हणाली, "हो की." आणि दोघी हसलो.

२७ एप्रिल

आज ती फोनवर म्हणाली, चिमणीला सर्दी झाली आहे. मधल्या फोनात जावई गावाला गेल्याचं कारण होतं. लेकीचं घर आहे, पाय निघत नसेल.

पण तिच्या फोनमागे घड्याळाचे टोल पडले. भाचीकडे टोलाचं घड्याळ कधीपासून आलं? आमच्यासारखंच वाजलं. आमचं तर दिवाणखान्यात भिंतीवर होतं, सजावटवाली म्हणाली होती हे राहू द्या, छान दिसतं. नव्या लोकांना ते दिलं की काय? विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

३ मे

आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सजावटवालीचा सकाळी फोन आला, सामान उचलायला माणसं जाणार आहेत. माझ्या पांढऱ्या चिठ्ठ्या त्यांना कळणार नाहीत, दोन्ही प्रकार वेगळे दाखवून द्यावेत, म्हणून मी आपली निघाले. कोणी बोलावलं नव्हतं. काम अर्धवट सोडायची सवय नाही, तेवढंच कारण.

दार उघडंच होतं. हमाल एकेक वस्तू उलटत होते, हिरवी चिठ्ठी बघत होते आणि बाहेर नेत होते. सोफा गेला, दिवे गेले, लिंबाचं भांडं गेलं. खालच्या खोलीत पलंगापाशी दोघं थांबले. एकानं वाकून खाली पाहिलं.

"बाई, ही चिठ्ठी आमची नाही."

"मी लावली आहे ती. हेही भाड्याचं आहे, न्या."

त्यानं वहीशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. "भाड्याचं नाही हे. विकत घेतलेलं दिसतंय. इथेच ठेवायचं असं वहीत लिहिलंय." पलंगावर चादर घातलेली होती. चादर अक्काची. उशाशी तिचा चष्मा, तिच्या गोळ्यांची डबी.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि अक्का त्या दांड्याला धरून बाहेर आली.

मला तेव्हाही कळलं नाही. मी तिला विचारलं, "नवे लोक कधी येणार आहेत?"

ती पलंगावर बसली. "आलेत, बेबी."

वर धावण्याचा आवाज आला. लहान पावलं. मग टीव्ही लागला, मोठ्यानं.

मी उभीच होते. बसायला खुर्ची नव्हती, गेली होती गाडीत. अक्का सांगत होती आणि मी ऐकत होते, पण शब्द उशिरा पोचत होते. घर भाचीनं घेतलं. माझा वाटा मला पै न पै दिला, त्यात कुठे लबाडी नाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. जणू माझी तक्रार तीच असणार.

"आणि हे सगळं सामान? सजावट? ती गिऱ्हाइकं?"

"एखाद-दुसरं खरंच आलं होतं," ती म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "घर तसंच असतं तर तू हलली नसतीस. आईची भांडी जागेवर, बाबांची खुर्ची जागेवर. तू तिथून उठलीच नसतीस. घर तुला परकं वाटायला हवं होतं."

म्हणजे ते सगळं माझ्यासाठी होतं. भिंतीवरचे फोटो माझ्यासाठी उतरले होते. मला माझ्याच घरातून गोडीगुलाबीनं बाहेर काढायला भाड्यानं गालिचा आणला. आणि ज्यांना काढायचं नव्हतं त्यांचं सामान मी माझ्या हातानं चिठ्ठ्या लावून जपलं.

"मला विचारायचं होतंस, अक्का."

"विचारलं होतं. मागच्या वर्षी."

"ते भाचीनं विचारलं होतं."

"मीच तिला विचारायला लावलं होतं. मला माझ्या लेकीपाशी राहायचं होतं. तू 'नाही' म्हणालीस आणि माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाहीस."

"तू बोलली नाहीस."

"तुझ्यापुढे कोण बोलतं गं?" ती रडायला लागली. "कचेरीत मी देवाला हात जोडत होते की तू वाचावंस. वाचलं असतंस तर घेणाऱ्याचं नाव दिसलं असतं, सगळं तिथेच थांबलं असतं. मला सुटल्यासारखं झालं असतं. पण तू म्हणालीस, माझ्या बहिणीनं वाचलंय."

मी म्हटलं, "हो, म्हणाले. कारण तू माझी बहीण आहेस."

भाची वरून खाली आली, दारातच थबकली आणि 'मावशी' म्हणून तशीच उभी राहिली. तिच्या हातात अर्ध्या चहाचा कप होता.

निघताना अक्कानं माझा हात धरला. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, त्या बाईला खालची खोली द्या म्हणावं. परक्या बाईला लगेच दिलीस, बेबी. मला किती वर्षं जिना चढायला लावलंस."

मी हात सोडवून घेतला. तिचं म्हणणं खरं असेल. पण ते मला तिनं या खोलीत बसून, माझ्या चिठ्ठीच्या पलंगावर बसून सांगायचं नव्हतं. चाळीस वर्षांत कधीही सांगायचं होतं. मी आरडाओरडा केला असता, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तिचा पलंग खाली आणून दिला असता. दिला असता का? तिनं तेवढाही भरवसा माझ्यावर ठेवला नाही, आणि मी तिच्यावर सगळा ठेवला. मला फसवलं गेलं आहे. हे वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला.

७ मे

काही नाही. फोन वाजतो, मी उचलत नाही.

खिडकीशी लावलेला पलंग मागे सरकवला. जागा विचित्र दिसायला लागली, म्हणून परत पुढे आणला.

११ मे

कप्प्यावरची 'अक्का' चिठ्ठी काढायला घेतली. कोपरा निघाला आणि खालचा रंगही निघाला. तशीच ठेवली आहे, कोपरा दुमडलेली. आतमध्ये तिचा पेला आहे. मी माझा पेला वरच्या कप्प्यात ठेवते, हात पुरत नाही, तरी ठेवते.

१६ मे

आज सजावटवालीचा फोन आला. आधी बराच वेळ ती दुसरंच बोलत राहिली. मग म्हणाली, "काकू, मला पहिल्यापासून माहीत होतं. मला वाईट वाटतं. मी सांगायला हवं होतं का?" मी म्हटलं, "तुझं काम सजवायचं होतं, तू ते चांगलं केलंस." मनापासून म्हटलं, टोमणा नव्हता. तिला तो टोमणाच वाटला असावा.

मग तिनं मुद्द्याचं विचारलं. गोदामातली खोकी. 'बेबी' लिहिलेली माझ्याकडे पोचलीच आहेत. 'अक्का' लिहिलेली तिकडे गेली. "पण ती उरलेली, बरीच आहेत काकू. खुर्ची आहे, शिवणयंत्र आहे. त्यांच्यावर 'दोघींचं' लिहिलंय. ती कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

मी पुढच्या खोलीत उभी होते. तिकडे पाठवा म्हणावं, तर बाबांच्या खुर्चीत जावई बसेल. इकडे पाठवा म्हणावं, तर शिवणयंत्र मला चालवता येत नाही.

"काकू? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "तिथेच राहू दे."

"गोदामाचं भाडं लागेल हो."

"लागू दे."

"पावती कोणाच्या नावानं करू?"

मी म्हटलं, खोक्यावर आहे तेच लिही.